नवीन मांजर सारखी अंग चाटते, पोटावरचे केस गेले: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमानं

मांजर घरी येऊन तीन-चार आठवडे झाले की हा फोन येतोच. "ताई, बाकी सगळं छान आहे, खाते, खेळते, पण पोट बघा ना तिचं, सोललेल्या कोंबडीसारखं झालंय." मी पुण्यात राहते. रस्त्यावरची मांजरं आणि पिल्लं काही आठवडे घरी सांभाळायची आणि मग त्यांना घर शोधून द्यायचं, हे गेली नऊ वर्षं चाललंय. त्यामुळे फोनवरचं पुढचं वाक्यही मला पाठ आहे: "नवीन जागेचं टेन्शन आलं असेल ना तिला?"

असेलही. पण टेन्शन हे नाव मी सगळ्यात शेवटी घेते. ते आधी घेतलं की माणसं खेळणी, बिछाना, खिडकीत बसायची फळी असं सगळं आणतात, दोन महिने जातात आणि अंगातल्या पिसवा सुखानं नांदत राहतात.

लक्षणं

केस मुळापासून जात नाहीत, आखूड होतात. जागा ठरलेल्या असतात: खालचं पोट, मागच्या मांड्यांची आतली बाजू, कुशी, पुढच्या पायांची आतली बाजू, नाहीतर शेपटीच्या मुळाजवळची कंबर. कातडी बहुतेक वेळा स्वच्छ आणि गुलाबी असते. खपली नाही, जखम नाही, म्हणून लोक गोंधळतात.

उलटीत केसांचे गोळे वाढतात. कधीमधी एखादा पडला तर चालतं, पण आठवड्यात दोन-तीन म्हणजे पोटात बरेच केस जातायत. शीतही केस दिसतात.

चाटण्याची तऱ्हा बदलते. धडधाकट मांजर जेवल्यावर पंजा ओला करून आधी तोंड पुसते, मग कान, खांदे, कुस, मागचे पाय, शेवटी शेपूट. क्रम साधारण हाच, आणि मध्येच कंटाळून झोपूनही जाते. बिघाड असला की ती बसल्या बसल्या थेट एकाच जागेवर तोंड घालते. शांत खोलीत खर्र खर्र असा आवाज ऐकू येतो, कारण मांजराच्या जिभेवर मागे वळलेले टोकदार काटे असतात. दोरी हलवली तर दोन उड्या मारेल, पण परत त्याच जागेवर.

"आम्ही तिला इतकं चाटताना पाहिलंच नाही" असंही सांगतात. शक्य आहे. एक-दोनदा ओरडा खाल्लेली मांजर पलंगाखाली जाऊन चाटते. जुना मोबाईल चार्जिंगला लावून रात्री रेकॉर्डिंग करून बघा.

आता बिघाड नसलेल्या गोष्टी, ज्यांच्यासाठीही मला फोन येतात. डोळा आणि कान यांच्या मधली विरळ केसांची जागा जन्मजात असते. पोटाखाली लोंबणारी कातडीची पिशवीही तशीच. आणि पोटावर किंवा कुशीवर सरळ कडांचा चौकोन असेल तर ती नसबंदीच्या वेळची हजामत आहे. आपल्याकडे भाटीचं, म्हणजे मादी मांजरीचं, ऑपरेशन कुशीतूनही करतात हे अनेकांना माहीत नसतं. एका गृहस्थांनी त्या चौकोनाचे मला सोळा फोटो पाठवले होते, सगळ्या कोनांतून.

हे दिसलं तर पुढचं वाचत बसू नका

बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, जोर लावतोय, लघवीचा थेंबच येतोय किंवा काहीच नाही, आणि सारखी तीच जागा चाटतोय: मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. एक-दोन दिवसांत जीव जातो. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. लोक याला बद्धकोष्ठ समजून सकाळपर्यंत थांबतात, आणि तिथेच घात होतो.

पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या दिसतायत आणि अंगात पिसवा आहेत: त्या चिमुकल्या जिवाचं रक्त कमी झालंय. आजच व्हेटकडे.

अंगाला कुठलंही औषध, थेंब किंवा पावडर लावल्यावर थरथर, झटके, लाळ: तेही आजच, आणि औषधाचा खोका सोबत न्या.

चाटून चाटून रक्त आलंय, ओली उघडी जखम आहे, वास येतोय: घरच्या तपासण्या सोडून द्या.

यातलं काही नसेल तर खालचा क्रम धरा. तो स्वस्ताकडून महागाकडे जातो.

१. फोटो आणि तारीख

फुकट आहे म्हणून लोक हे टाळतात. मांजर पाठीवर लोळली की टक्कल पडलेल्या जागेशेजारी दहा रुपयांचं नाणं धरून फोटो काढा. दर रविवारी, त्याच उजेडात. जागा वाढतेय की भरतेय हे रोज बघणाऱ्या डोळ्यांना कळत नाही. सोबत वहीत तीन गोष्टी: नेमकी कुठे चाटते, किती वाजता, आणि त्याआधी घरात काय झालं.

जागेवरून बराच अंदाज येतो. कंबर आणि शेपटीचं मूळ म्हणजे माझा पहिला संशय पिसवांवर. डोकं, मान आणि कान असतील तर कानातले किडे, खरूज किंवा अन्नाची ॲलर्जी. फक्त पंजे असतील तर पायाला काहीतरी लागतंय. अगदी खालचं पोट असेल तर लघवीच्या पिशवीचा विचार करायचा. हे अंदाजच आहेत. पण व्हेटकडे गेल्यावर "सगळीकडेच चाटते हो" यापेक्षा ते कितीतरी उपयोगी पडतात.

२. केसांची टोकं

त्या जागेवरून बोट केसांच्या उलट दिशेनं फिरवा. दाढीच्या खुंटांसारखं खरखरीत लागलं तर केस उगवतायत आणि मांजर ते तोडतेय. अगदी गुळगुळीत असेल, किंवा कडेचे केस चिमटीत धरल्यावर सहज हातात येत असतील, तर ते गळतायत. गळण्याची कारणं निराळी असतात आणि ती घरी सापडत नाहीत. तसं असेल तर थेट सातव्या पायरीवर जा.

गजकर्णातही केस तुटतात, तेव्हा नुसत्या खुंटांवर निकाल लावू नका. जागा गोल असेल आणि कडेला कोंडा असेल तर पाचवी पायरी आधी वाचा.

३. बारीक कंगवा आणि ओला टिश्यू

माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी सगळ्यात जास्त इथे सुटल्या, म्हणून याबद्दल सविस्तर.

पाळीव प्राण्यांच्या दुकानात शे-दोनशे रुपयांत पिसवांचा धातूचा कंगवा मिळतो. दात इतके जवळ असतात की पिसू मधून सटकत नाही. आपली उवांची फणीही चालते, पण ती कातडीला बोचते. मांजर पेंगत असताना शेपटीच्या मुळाजवळून सुरू करा, मग पाठ, मानेची मागची बाजू, पोट. केस बाजूला करून कंगवा कातडीला टेकवायचा, वरवर फिरवायचा नाही. दर दोन-तीन हातांनी कंगवा पांढऱ्या ओल्या टिश्यूवर झटकायचा.

टिश्यूवर काळे कण पडतील, मिरपूड सांडल्यासारखे. दोन मिनिटं थांबा. धूळ असेल तर काळीच राहते. कणाभोवती तांबूस, गंजासारखं वर्तुळ पसरलं तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेलं रक्त. पिसू डोळ्यांनी दिसायची गरजच नाही. चाटणारी मांजर पिसवा गिळून टाकते, त्यामुळे सगळ्यात जास्त चाटणाऱ्या मांजराच्या अंगावर पुष्कळदा एकही पिसू सापडत नाही. ज्यांना पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते त्यांना दोन-चार चावे पुरतात.

कंगवा कोरा निघाला तरी शेपटीखाली बघा. गुदद्वाराजवळच्या केसांत किंवा तिच्या झोपायच्या जागी तांदळाच्या दाण्यासारखं काही वाळलेलं चिकटलंय का? ते पट्टकृमीचे तुकडे. हा जंत मांजराला बहुतेक वेळा पिसू गिळल्यानं होतो. दाणे सापडले म्हणजे बहुधा पिसवा आहेत किंवा नुकत्या होत्या.

मागच्या पावसाळ्यात एका काकूंना मी हे फोनवर सांगितलं तर त्या जवळजवळ चिडल्या. "सहाव्या मजल्यावर पिसवा? अगं, रोज दोनदा फरशी पुसते मी." मी म्हटलं, काकू, तुम्ही स्वच्छच आहात, फक्त टिश्यू ओला करा. पंधरा मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला: पेपर नॅपकिनवर आठ-दहा तांबूस ठिपके, आणि खाली एवढंच, "ई!!"

घर कितीही लख्ख असलं तरी पिसवा का उरतात, तर प्राण्याच्या अंगावर दिसते ती त्यांची जेमतेम पाच टक्के वस्ती. बाकीची अंडी, अळ्या आणि कोश होऊन सोफ्याच्या शिवणीत, गादीखाली, लाकडी कपाटाच्या फटीत असते. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. कोशातली पिसू महिनोन्महिने थांबू शकते आणि पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर येते. बंद पडलेल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मांजर घेऊन राहायला गेलेल्यांना दुसऱ्याच दिवशी त्रास सुरू होतो, तो यामुळे. दमट हवा अळ्यांना मानवते, म्हणून पुण्यात जून ते ऑक्टोबर माझे फोन वाढतात. कोकणातल्या लोकांना तर बारमाही काम.

उपाय म्हणजे मानेच्या मागे, तिची जीभ पोहोचणार नाही अशा जागी टाकायचे थेंब. कोणते आणि किती हे वजन आणि वय बघून व्हेट सांगतात. घरातल्या प्रत्येक मांजराला आणि कुत्र्याला एकाच दिवशी उपचार, आणि सलग किमान तीन महिने, कारण कोशातल्या नंतर येत राहतात. अंथरूण गरम पाण्यात धुवायचं, गोधड्या उन्हात टाकायच्या, सोफ्याच्या फटींत व्हॅक्यूम फिरवायचा.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक फोनवर दोनदा सांगते. कुत्र्यांचं औषध मांजराला नाही. "थोडंसंच टाकते" असंही नाही. कुत्र्यांच्या बऱ्याच थेंबांत, पावडरींत आणि शाम्पूंत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. मांजराचं यकृत ते मोडू शकत नाही आणि झटके येऊन मांजर मरते. दुकानदार "दोघांनाही चालतं" म्हणाला तरी खोक्यावरची बारीक अक्षरं स्वतः वाचा.

टिश्यूवर काही सापडलं नाही तरी मी व्हेटना विचारून तीन महिन्यांचे थेंब करून घेते. पुढच्या सगळ्या तपासण्यांपेक्षा ते स्वस्त पडतं आणि एक मोठं कारण यादीतून कटतं.

४. अंगाला आणि फरशीला काय लागतंय

मांजराच्या अंगाला जे लागतं ते तिच्या पोटात जातं. नवीन मांजर आली की घर जास्तच घासलं जातं. फिनाईलनं पुसलेल्या ओल्या फरशीवरून ती चालते, मग पंजे चाटते. फिनॉलच्या जातीची रसायनं मांजराला विषारी असतात. डेटॉलसारखी जंतुनाशकंही त्यातलीच. दोन आठवडे साध्या पाण्यानं, फार तर किंचित भांड्याचा साबण घालून पुसा आणि फरशी वाळेपर्यंत तिला दुसऱ्या खोलीत ठेवा. फक्त पंजे चाटणाऱ्या दोन मांजरी एवढ्यानं थांबलेल्या मी पाहिल्यात.

मुंग्यांचा खडू, झुरळांचा फवारा, होळीचे रंग, कुंडीखाली सांडलेलं खत, हे सगळं याच यादीत.

टक्कल दिसलं की आपल्याकडे पहिला हात जातो खोबरेल तेल आणि हळदीकडे. माया कळते, पण मांजराला अंगावर काही चिकट लागलं की ते काढून टाकणं हे तिच्या दृष्टीनं पहिलं काम. म्हणजे दहा मिनिटं चाटणारी मांजर आता अर्धा तास चाटते, वर जुलाब, आणि सोफा पिवळा. कडुनिंबाचं तेल, टी ट्री तेल तर अजिबात नको. "नैसर्गिक आहे" हा मांजराच्या यकृतापुढे काही मुद्दा नाही.

५. कान, कोंडा, चट्टे, आणि तुमचे स्वतःचे हात

कानात डोकवा. कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट चुरा असेल आणि ती मान झटकत असेल तर कानातले किडे. कापसाची काडी आत घालू नका, व्हेट थेंब देतील.

कानांच्या कडा जाड, राखाडी, खपलीदार झाल्यात आणि तिथून कपाळाकडे पसरतंय: खरूज. रस्त्यावरून आलेल्या मांजरांत मी ही खूप पाहते. प्रचंड खाज असते आणि माणसालाही लागते, पण उपचार लवकर लागू पडतो.

गोल चट्टे, कडेला कोंडा, तुटके केस: गजकर्ण. बुरशी आहे ही. इथे मांजरापेक्षा घरच्यांचे हात आधी बघा. आईच्या मनगटावर, मुलीच्या गळ्याजवळ लालसर गोल उठलंय का? मांजर कुशीत घेतली की नेमकं तिथेच उठतं. व्हेट निळसर जांभळ्या प्रकाशाच्या दिव्याखाली बघतात. केस हिरवट चमकले तर बहुतेक गजकर्णच, पण चमकले नाहीत म्हणून नाहीच असं होत नाही. पक्कं करायला केसांवर बुरशी वाढवून बघावी लागते आणि त्याला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर मांजर एका खोलीत, पिल्लं आणि लहान मुलं लांब.

घरातली माणसांची ट्यूब लावू नका. आपल्याकडच्या अनेक खाजेच्या मलमांत बुरशीच्या औषधासोबत स्टिरॉइड असतं. चार दिवस लाली उतरते आणि आतून बुरशी फोफावते. शिवाय ते मलमही ती चाटणारच.

६. घर: लपायला जागा, ट्रे, खिडकी

आता टेन्शनचा नंबर. या पायरीतले बदल फुकट आहेत, म्हणून पहिल्या दिवसापासूनच करा. निदान म्हणून मात्र त्यांच्यावर इतक्यात विसंबू नका.

नवीन मांजराला पूर्ण घर मोकळं देणं ही सगळ्यात नेहमीची चूक. एक खोली द्या, दोन आठवडे. तिथे पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवा, तोंड भिंतीकडे. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्यानं आलेल्या मांजरांपैकी काहींना लपायला खोकं दिलं आणि काहींना नाही. खोकं मिळालेली लवकर सावरली. २०१४ साली ती पाहणी प्रसिद्ध झाली. किराणा दुकानातून रिकामं खोकं आणण्याइतका स्वस्त उपचार मला तरी दुसरा माहीत नाही. तिला खोक्यातून ओढून बाहेर काढून पाहुण्यांना दाखवू नका.

ट्रे वॉशिंग मशीनशेजारी नको आणि जेवणाच्या वाटीजवळही नको. मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त. उंचावर बसायला एखादं कपाट मोकळं करा. खाणं ठरल्या वेळी.

वहीचा उपयोग इथे होतो. कोथरूडला दिलेला गोट्या नावाचा बोका उजवी कुस सोलून काढत होता. पिसवा नाहीत, कातडी साफ, लघवीची तपासणी ठीक. त्या घरातल्या दादांनी दहा दिवस वेळा लिहिल्या: ६:५०, ७:०५, ६:४०, रोज संध्याकाळीच. शेवटी ते त्या वेळी घरी थांबले. बाहेरच्या एसीच्या डब्यावर समोरच्या इमारतीतला एक धिप्पाड काळा बोका येऊन बसायचा. भांडण नाही, आवाज नाही, तो नुसता बघायचा. गोट्या खिडकीतून उतरायचा, सोफ्यामागे जायचा आणि चाटायला लागायचा. खिडकीच्या खालच्या निम्म्या काचेला दुधी कागद चिकटवला आणि साडेसहाला दोरी घेऊन त्याच्याशी पळापळी, मग लगेच जेवण, असं सुरू केलं. सात आठवड्यांत कुस भरली.

चाटताना ओरडू नका, टाळी वाजवू नका, तोंड धरू नका. ती लपून चाटायला शिकते आणि तुमचा पुरावा जातो. चाटायला लागल्यावर लगेच खाऊही देऊ नका, तिला तो व्यवहार चटकन समजतो. नेहमीची वेळ यायच्या आधी खेळ काढा.

भिंतीत लावायचे फेरोमोनचे, म्हणजे मांजर शांत व्हावी म्हणून वास सोडणारे, डिफ्यूझर महाग आहेत. मी चार मांजरांवर वापरले. एकीला फरक पडला असं वाटलं, पण त्याच आठवड्यात शेजारचं ड्रिलिंगही थांबलं होतं. दिवाळीच्या आठवड्यात मी मांजर कुणाकडेच पाठवत नाही, यासाठी कुठला डिफ्यूझर लागत नाही.

७. व्हेटकडे पहिली खेप

वरचं सगळं तीन-चार आठवडे नीट केलं आणि फोटोत फरक नाही, तर जा. केस गळत असतील, चट्टे असतील, लघवीची शंका असेल तर त्याआधीच. फोटो, वही आणि वापरलेल्या औषधांची नावं घेऊन जा.

त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, चिकटपट्टीनं नमुना घेणं, उपटलेल्या केसांची टोकं तपासणं, या साध्या तपासण्या आहेत आणि बऱ्याच दवाखान्यांत तिथल्या तिथे होतात. खालचं पोट चाटत असेल तर लघवी तपासा आणि सोनोग्राफीचं विचारा. मांजरांत लघवीच्या पिशवीला जंतूशिवायही सूज येते आणि तिथे नव्या घराच्या ताणाचा खरोखर हात असतो. म्हणजे "टेन्शन" बरोबर, पण दुखतंय पोटात. वयस्क मांजर दत्तक घेतली असेल तर थायरॉइड आणि सांधेही. गुडघा किंवा कंबर दुखते त्यावरची कातडीही मांजर चाटत बसते.

पहिल्याच भेटीत काही न तपासता दीर्घकाळ टिकणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन निघालं तर नम्रपणे विचारा, "डॉक्टर, आधी खरवडून बघायचं का?" स्टिरॉइड वाईट नाही, कधी कधी तेच लागतं. पण गजकर्ण असेल तर ते भडकतं, आणि खाज दबली की खरं कारण हाताला लागत नाही. मला हा धडा एका पिवळ्या भाटीनं शिकवला. इंजेक्शननं सहा आठवडे सोनं, मग परत टक्कल, परत इंजेक्शन. असं तीनदा. शेवटी निघाल्या पिसवा.

८. खाणं बदलून बघणं

आठ आठवड्यांचं काम आहे, म्हणून इतक्या खाली. अन्नाची ॲलर्जी रक्त तपासून खात्रीनं कळत नाही. तिनं पूर्वी न खाल्लेलं एकच प्रथिन, किंवा व्हेटनी लिहून दिलेलं खास अन्न, एवढंच आठ आठवडे. सुधारली की जुनं खाणं परत द्यायचं. चाटणं परत सुरू झालं तर निदान पक्कं.

रस्त्यावरच्या मांजरानं काय खाल्लं नसेल? चिकन, मासे, दूध, पोळी सगळं झालेलं असतं. म्हणून प्रथिन निवडणं व्हेटवर सोडा. पिल्लाला नुसत्या मांसावर ठेवू नका, त्याला कॅल्शियम आणि टॉरिन हा मांजराला लागणारा अन्नघटक कमी पडतो.

खरी अडचण मांजराची नसतेच. आजी बांगड्याचा तुकडा "एवढासाच" देतात, कामाच्या मावशी दुधाची साय. सातव्या आठवड्यात हे उघडकीला येतं आणि सगळं पहिल्यापासून. फ्रिजवर कागद चिकटवा, त्यावर मोठ्या अक्षरांत तारीख लिहा. आजींच्या हातात त्या अन्नाचा डबा द्या आणि भरवायचं काम त्यांच्याकडेच सोपवा. हे मी अनुभवानं सांगते, दुसरं काही चालत नाही.

९. आणि मगच मन

इथवर येणारी मांजरं थोडी. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या नियतकालिकात २००६ साली आलेल्या एका अभ्यासात, "हे मानसिक आहे" असा संशय असलेली २१ मांजरं नीट तपासली. १६ जणांत खाजेचं शारीरिक कारण सापडलं, ३ जणांत दोन्ही, आणि निव्वळ मानसिक अशी निघाली फक्त २. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही.

त्या दोघांतली तुमची असेल, तर मनावरच्या गोळ्या असतात आणि उपयोगीही पडतात. पण मात्रा, यकृताची तपासणी आणि हळूहळू बंद करणं हे सगळं व्हेटच्या हाताखाली. घरातली माणसांची गोळी तोडून देऊ नका, खाजेचीही नाही आणि झोपेचीही नाही. पॅरासिटामॉल तर एका गोळीतही मांजराचा जीव घेते.

गळ्यातला कोन जखम भरेपर्यंतच. त्यानं चाटणं थांबतं, पण खाज तशीच राहते, आणि आधीच बावरलेल्या मांजराला आजूबाजूचं दिसेनासं होतं. स्वतःहून महिनाभर घालून ठेवू नका.

केस परत यायला वेळ लागतो. खाज थांबल्यावर दोन-तीन आठवड्यांत मखमलीसारखा थर हाताला लागतो, पूर्ण भरायला दोन-तीन महिने. सहाव्या मजल्यावरच्या काकूंच्या मांजरीचं पोट दोन महिन्यांत छान भरलं, नाण्याच्या फोटोत स्पष्ट दिसत होतं. म्हणून त्यांनी तिसऱ्या महिन्याचे थेंब टाकलेच नाहीत, "आता कशाला उगीच." ऑक्टोबरच्या शेवटी परत फोन. मी काही विचारायच्या आधी त्याच म्हणाल्या, "टिश्यू ओला करून ठेवलाय."